मामांचा नंबर दुसऱ्याकडे गेला तेव्हा

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. तेव्हापासून त्यांच्याकडे बटणांचा एकच फोन होता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते मुलाकडे ठाण्याला आले आणि पुढे तिथेच राहिले. मुलाने त्यांना स्मार्टफोन आणि नवा नंबर घेऊन दिला. जुना फोन गावच्या कपाटात पडून राहिला, त्याचा रिचार्ज कधी संपला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे मामींच्या उपचारासाठी मुदत ठेव मोडायची वेळ आली आणि बँकेचा ओटीपी काही येईना. मी माझ्या फोनवरून मामांचा जुना नंबर लावला, तर पलीकडून एक तरुण हिंदीत बोलू लागला. सिमकार्ड त्याने दुकानातून रीतसर घेतलं होतं. त्यानेच सांगितलं की कुणाच्या तरी बँकेचे मेसेज येतात, पेन्शन जमा झालेली कळते, शिल्लकही दिसते. तो तरुण भला होता म्हणून बरं.

यात गुन्हा कुणीच केला नव्हता. सगळं नियमानुसारच घडलं होतं, आणि म्हणूनच ते नियम घराघरात माहीत असायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

दूरसंचार नियामक ट्रायचा नियम 2013 पासून असा आहे : प्रीपेड नंबरवर सलग 90 दिवस कॉल, मेसेज, इंटरनेट असा कसलाच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. मेन बॅलन्समध्ये 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत आणखी 30 दिवस वाढते. बंद झाल्यावरही 15 दिवसांची सवलत असते. त्या काळात ग्राहकाने मागितला तर नंबर परत मिळतो. त्यानंतर मात्र आशा सोडावी. बंद नंबर 90 दिवस बाजूला ठेवून मग नव्या ग्राहकाला देतात. 2023 मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. नंबर सोडण्याआधी त्यावरचं व्हॉट्सॲप खातं काढून टाकणं ही ग्राहकाचीच जबाबदारी, असं न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मेन बॅलन्समधले 20 रुपये नंबर जिवंत ठेवतात, पण पॅक संपला की काही दिवसांनी इनकमिंगही थांबतं. नंबर तुमच्याच नावावर असतो, मात्र बँकेचा ओटीपी त्यावर पोचेलच अशी खात्री राहत नाही. म्हणून नुसत्या बॅलन्सवर विसंबू नये, पॅक चालू हवाच.

तो पॅक आता इंटरनेटशिवाय मिळतो, ही अलीकडची सर्वांत उपयोगी सुधारणा. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नियम बदलला. प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचा निदान एक पॅक ठेवावाच लागतो, आणि अशा पॅकची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत असू शकते. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांना दररोजच्या दीड-दोन जीबी डेटाचे पैसे भरण्याची गरज उरलेली नाही. मुलांकडे अमेरिकेला किंवा आखातात सहा-सहा महिने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वर्षाचा पॅक मारून ठेवावा. माझी तक्रार एवढीच, की ट्रायने किंमत ठरवून दिलेली नाही. हे पॅक स्वस्त म्हणावेत असे नाहीत आणि ॲपमध्ये ते चटकन सापडतही नाहीत. दुकानदार आधी डेटाचाच पॅक पुढे करतो. त्याला ‘फक्त कॉल आणि मेसेजवाला द्या’ असं स्पष्ट सांगावं. ज्याला नुसता ओटीपी घ्यायचा आहे, त्याच्यासाठी याहून लहान रकमेचा पॅक असायलाच हवा.

नंबर बदलायचाच असेल तर जुनं सिम चालू असताना बदला. बँक, आधार, पेन्शन, विमा, डीमॅट, गॅस या सगळ्या ठिकाणी आधी नवा नंबर नोंदवा. बऱ्याच ठिकाणी बदलाची खातरजमा जुन्याच नंबरवर ओटीपी पाठवून होते. मामांचं नेमकं तिथेच अडलं होतं. बँक आधारचा ओटीपी मागत होती आणि आधारला नंबर तोच, हातचा गेलेला.

त्यातून वाट निघाली ती आधार केंद्रावर. तिथे नंबर बदलायला जुना ओटीपी लागत नाही, कागदपत्रंही लागत नाहीत. माणूस स्वतः हजर हवा आणि बोटांचे ठसे जुळायला हवेत. चालता न येणाऱ्यांसाठी पोस्टमन घरी येऊन हे काम करतो, पोस्टात चौकशी करा. आधार झाल्यावर आम्ही मामांना गाडीत घालून गावच्या शाखेत नेलं, अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच जरूर घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला एवढी दगदग झाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

बँकांवरही आता जबाबदारी आली आहे. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी दूरसंचार विभाग तयार करतो. ती वापरून आपल्या नोंदी तपासा आणि साफ करा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितलं. यूपीआयसाठीही एप्रिल 2025 पासून अशा नंबरांची छाननी दर आठवड्याला करायची आहे. व्यवस्था चांगली आहे, पण बँकेने जुना नंबर काढला तरी तुमचा नवा तिला आपोआप कळत नाही. तो तुम्हीच द्यायचा.

आणखी एक काम आजच करा. ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ॲपवर आपला नंबर टाकून नावावर किती कनेक्शन आहेत ते पाहा. एका माणसाच्या नावावर 9 पर्यंत चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे 6. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर ‘माझा नाही’ अशी नोंद तिथेच करता येते. जुना, नको असलेलाही तिथूनच कळवता येतो, पण आधी बँक आणि आधार उरका.

आणि नंबर आधीच दुसऱ्याकडे गेला असेल, तर ओटीपीच्या मागे वेळ घालवू नका. सर्वप्रथम बँकेला सांगून त्या नंबरवरचं यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद करून घ्या. पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.