जुन्या मोटारीची कुंडली

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी जुने दगडी घाट आहेत. त्यांपैकी एक अहिल्याबाई होळकरांनी बांधविला. समजा, तुम्ही त्याच्या पायऱ्यांवर उभे आहात आणि कोणी विचारले, "यातला मूळचा दगड कोणता आणि मागाहून बसविलेला कोणता?" तर काय सांगाल? दगडाकडे नुसते पाहून उमगणार नाही. पण दोन दगडांमधला सांधा नीट पाहिलात, तर काही सुचेल. अहिल्याबाईंचे निधन १७९५ साली झाले. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. म्हणजे ज्या सांध्यात सिमेंट आहे, तो अहिल्याबाईंच्या गवंड्याने भरलेला असणे शक्य नाही. चुना असेल तर मात्र तो मूळचाच, असे लगेच म्हणता येत नाही. कारण चुना नंतरही वापरीत असत. पुरावा कधी कधी असा एकाच बाजूने बोलतो.

नेमके हेच कोडे जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांपुढे रोज असते. उदाहरणासाठी याच घराण्यातली एक मोटार घेऊ. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर १९२६ ते १९४८ या काळात गादीवर होते. वेगवान मोटारींचा त्यांना मोठा शौक. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची 'एस जे' जातीची गाडी घेतली. तिचे इंजिन सुमारे ६.९ लिटरचे, एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा. शिवाय हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येते, आणि त्यामुळे कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करीत असे.

आता गंमत पाहा. ही कंपनी बहुधा इंजिन, चाके आणि सांगाडा, म्हणजे चेसिस, एवढेच विकीत असे. वरचे अंग गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घ्यायचे. होळकरांच्या गाडीचे दोन आसनी अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने केले, आणि रंग दिला नारिंगी व काळा. म्हणजे खालचा भाग अमेरिकन, वरचा इंग्रज, मालक मराठी! गाडी पुढे अमेरिकेत परत गेली.

अशी गाडी एखाद्या गोदामात अंग गंजलेल्या स्थितीत सापडली आणि कागदपत्रे एकही नाहीत, तर ती खरी कशावरून? येथे मला सर्वांत आवडणारा पुरावा म्हणजे स्क्रूचे आटे. इंग्लंडमध्ये त्या काळी व्हिटवर्थ पद्धतीचे आटे चालत. त्यांच्या खाचेचा कोन ५५ अंश. अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंश. पाच अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण दातेरी पट्टीचे पिच गेज लावले की लगेच कळतो. तेव्हा अशा गाडीत चेसिसवरच्या बोल्टांना ६० अंश आणि लंडनला जडविलेल्या भागांना ५५ अंश आढळावेत, अशी अपेक्षा धरायला हरकत नाही. सगळीकडे एकच कोन निघाला, तर संशय घ्यावा.

घाटावरच्या सिमेंटसारखे साक्षीदारही गाडीत असतात. अधिक चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू मोटारीच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास आला. १९२५ च्या गाडीत तो दिसला, तर तो कोण्या मिस्त्रीने नंतर बसविला, हे नक्की. दिव्यांच्या कड्यांवरचा मुलामा पाहा. निळसर पांढरा व आरशासारखा असेल तर क्रोमियमचा, किंचित पिवळसर असेल तर निकेलचा. क्रोमियमचा मुलामा कारखान्यांतून सर्रास होऊ लागला तो १९२५ च्या पुढे. त्यापूर्वीच्या गाडीला लख्ख क्रोमियम चढविणे म्हणजे जुन्या फोटोतल्या आजोबांच्या हाती मोबाइल देण्यासारखे आहे. दुर्दैवाने प्रदर्शनात बक्षिसे मात्र अशाच गाड्यांना मिळताना दिसतात!

रंगाचा तपास आणखी सोपा. आडबाजूच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच जागी गोल गोल घासायचा. मध्यभागी धातू उघडा पडतो आणि त्याभोवती निरनिराळ्या रंगांची कडी दिसतात. सर्वांत आतले कडे सर्वांत जुने. झाडाच्या खोडात जसे वय वाचता येते, तसे येथे मालकांच्या आवडीनिवडी वाचता येतात.

पण सर्वांत मोठा पुरावा म्हणजे चेसिसवर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर. कारखान्याच्या वहीत तो नंबर, गाडी कोणाला विकली आणि कधी, याची नोंद असते. म्हणूनच लबाड माणसे कानस मारून जुना नंबर पुसतात व नवा ठोकतात. गुळगुळीत झालेल्या पोलादावर काहीच दिसत नाही. तरी तो नंबर पुन्हा वाचता येतो! कसा? नंबर ठोकताना ठशाचा दाब नुसत्या खाचेपुरता राहत नाही. खाचेखालचे पोलादाचे बारीक स्फटिक काही खोलीपर्यंत चेपले जातात, वाकतात. कानशीने खाच गेली, तरी ते चेपलेले स्फटिक तेथेच असतात. अशा ताणलेल्या धातूवर आम्लाची क्रिया शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने होते. पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल व कॉपर क्लोराइड यांचे मिश्रण हलकेच फिरविले, की पुसलेला आकडा सावलीसारखा उमटू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत चोरीची वाहने व बंदुका यांचे नंबर याच रीतीने शोधतात. फार खोलवर घासले असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. (हे काम प्रयोगशाळेतले आहे, घरी मुळीच करू नये.)

आता गंजाचे पाहू. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांपासून गंज होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून पापुद्रे सुटतात आणि पाणी आणखी आत शिरते. अॅल्युमिनियमचे उलट आहे. त्याचा ऑक्साइडचा थर घट्ट चिकटून राखण करतो. पण अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी खिळ्याने जडविला आणि मध्ये दमट हवा आली, की जणू लहानशी विद्युत्घटमालाच तयार होते व त्यात अॅल्युमिनियम झिजते. अशा गाड्यांचे पत्रे खिळ्यांच्या भोवतीच का कुजतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. पत्र्याच्या आत पुष्कळदा अॅश लाकडाचा सांगाडा असे. त्याची काळजी आपल्याकडची वाळवी घेते!

लोखंडी भागाचा गंज खरवडला, तर त्याखालचे ठसे, खुणाही जातात. म्हणून जाणते कारागीर विद्युत् अपघटनाचा उपयोग करतात. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गंजलेला भाग बुडवून तो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडतात, आणि धन टोकाला साधा लोखंडी पत्रा. वीज वाहू लागली की गंज सैल होऊन गळू लागतो. चांगले लोखंड खाल्ले जात नाही. या क्रियेत हायड्रोजन सुटतो, तो पेट घेतो, म्हणून हे उघड्यावर आणि जाणत्या माणसानेच करावयाचे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये; त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात.

तुम्हाला करून पाहता येईल असा प्रयोग हिरड्याचा आहे. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या व तो काढा गंजलेल्या खिळ्याला ब्रशने लावा. काही तासांत तांबूस गंज काळानिळा होईल. हिरड्यातील टॅनिन व गंजातील लोह यांचे हे संयुग. पूर्वी हिरडा व हिराकस यांची शाई करीत, तीच ही शाई! जुन्या वस्तू जपणारे लोक टॅनिनचा हा गुण लोखंडावर अजून वापरतात.

सर्व करून एक प्रश्न उरतोच. किती भाग बदलले म्हणजे गाडी 'ती' राहत नाही? हा प्रश्न १९९० साली लंडनच्या न्यायालयात गेला. 'ओल्ड नंबर वन' या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे इंजिन बदलले, अंग बदलले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. मग पुन्हा नवे अंग चढले. एका कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला आणि गिऱ्हाईक म्हणाले, ही ती गाडीच नव्हे. शर्यतीच्या वेळचे भाग तिच्यात खरोखरच फार थोडे उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की ही तीच गाडी. कारण बदल एकामागून एक होत गेले, पण गाडीचे अस्तित्व मध्येच तुटले असे कधी झाले नाही. मला हा निकाल पटतो, पण एका अटीवर: कोणता भाग केव्हा बदलला, ते लिहून ठेवलेले असावे.

आपल्या सरकारनेही २०२१ साली नियम केला. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी व चारचाकी गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि नंबरात राज्याच्या खुणेपुढे 'व्हीए' ही अक्षरे येतात. इंग्रज शौकीन मात्र १९३० अखेरपर्यंतच्याच गाडीला विंटेज म्हणतात; त्यांच्या हिशेबाने होळकरांची ड्यूसेनबर्ग थोडक्यात हुकते.

अहिल्यानगरला गेलात तर १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय पाहा. तेथे रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. श्रीमंतांसाठी केलेल्या 'सिल्व्हर घोस्ट' गाडीच्याच चेसिसवर पोलादी चिलखत चढवून अशा गाड्या बनविल्या होत्या. हात न लावता तिच्याभोवती एक फेरी मारा आणि स्क्रूंच्या खाचा मोजा: सरळ किती आणि अधिक चिन्हाच्या किती?