किराणा दुकान व घरच्या कोठारातील उंदरांचा बंदोबस्त

कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर व महाड तालुक्यांत भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आटोपते. उडव्या मोडून मळणी झाली की बांधात राहणाऱ्या उंदरांचे खाद्य संपते आणि ते वस्तीकडे वळतात. त्यांची दुसरी खेप पावसाळ्याच्या तोंडाशी येते. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बांधातील बिळांत पाणी शिरले की उंदीर घराच्या जोत्यात, पडवीत आणि माळ्यावर आसरा घेतात.

या पट्ट्यात शेतकरी आणि दुकानदार ही नेहमीच दोन वेगळी माणसे नसतात. पडवीत किराणा दुकान, मागे राहते घर आणि माळ्यावर कणगीत घरचे भात, अशी मांडणी महामार्गालगतच्या गावांत सर्रास दिसते. त्यामुळे दुकानातील उंदरांचा विचार दुकानापुरता करून भागत नाही. कणगीत पोसलेला उंदीर रात्री वाशावरून दुकानात उतरतो आणि दुकानातील गुळाची चव घेऊन पहाटे परत माळ्यावर जातो.

एक घरउंदीर दिवसाला साधारण २० ग्रॅम धान्य खातो. घरात दहा उंदीर असतील तर रोजचे २०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ७३ किलो धान्य गेले. एवढे नुकसान बहुतेक जण मुकाट सोसतात. परंतु खाल्लेल्या धान्यापेक्षा नासवलेले धान्य कितीतरी जास्त असते. उंदीर एका रात्रीत अनेक ठिकाणी तोंड घालतो, पोते कुरतडून थोडे खातो व पुष्कळ सांडतो आणि जिथे फिरतो तिथे मूत्र, केस व लेंड्या टाकत जातो. एका उंदराच्या दिवसाला चाळीस लेंड्या धरल्या तरी दहा उंदरांच्या चारशे होतात. त्या निवडून काढता येतील. पोत्यात मुरलेले मूत्र निवडता येत नाही.

उंदीर ओळखावा

सर्व उंदीर एका उपायाने हटत नाहीत, म्हणून आपल्याकडे कोणता उंदीर आहे हे आधी पाहावे. घरउंदीर चढण्यात तरबेज असतो. त्याची शेपटी डोके व धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा लांब असते. तो कौलांच्या फटींतून, वाशांवरून, घराला टेकलेल्या फांदीवरून किंवा विजेच्या तारेवरून आत येतो. वाशावर एकाच रेषेत काळपट तेलकट डाग दिसले तर ती त्याची वाट समजावी. घूस अंगाने मोठी असून जमीन उकरते; जोत्याशी ताज्या मातीचा ढीग दिसला की ती आलीच. तिसरा पिटुकला उंदीर. तो मालातच घर करतो. बिस्किटांचे खोके, रद्दीचा गठ्ठा, बारदानाची घडी एवढी जागा त्याला पुरते आणि धान्यातील ओलाव्यावर तो पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. त्याची लेंडी तांदळाच्या दाण्याहून लहान असते. शहाजिऱ्याच्या बरणीत पडली तर ती ओळखायला चांगला उजेड आणि चांगली नजर, दोन्ही लागतात.

चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. लांब नाकाची, उग्र वासाची ही प्राणी मुख्यतः किडे व झुरळे खाते. ती दुकानात असेल तर तिच्यासाठी विष मांडण्याऐवजी झुरळांचा बंदोबस्त करावा.

कोणता माल आधी झाकावा

तांदूळ, डाळ, पीठ हे पदार्थ शिजतात, भाजले जातात. उकळत्या आधणात रोगजंतू टिकत नाहीत, एवढा तरी दिलासा आहे. पण गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे, डाळे, चुरमुरे, फरसाण, खजूर या वस्तू ग्राहक कागदातून थेट तोंडात टाकतो. मुलांना तर दुकानाच्या पायरीवरच पुडी सोडायची घाई असते. खेड्यातील दुकानात हाच माल उघड्या पोत्यात किंवा परातीत मांडलेला असतो आणि रात्री त्यावर फडके टाकले जाते. फडके उंदराला अडवत नाही. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांवर खर्च करायचा तर तो प्रथम या वस्तूंसाठी करावा. डबे थोडे असतील तर दिवसा माल हवा तसा मांडावा, पण दुकान बंद करताना तो डब्यात भरूनच घरी जावे. प्लॅस्टिकची बरणी पिटुकला उंदीरही कडेने कुरतडतो. पत्रा, काच किंवा स्टीलच बरे.

कुरतडलेल्या पुड्यातील उरलेला माल सुटा करून विकू नये. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ जाऊन आता अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे. त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. गावातील लहान दुकानदारालाही त्याखाली नोंदणी करावी लागते आणि बाह्य पदार्थ मिसळलेले अन्न साठविल्यास किंवा विकल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात दंडाआधी गावातील विश्वास जातो. बाजाराच्या दुकानाला ग्राहक रोज नवा मिळेल, गावातल्या दुकानाला तीच चाळीस घरे असतात.

फटी बुजविणे

विषापूर्वी, पिंजऱ्यापूर्वी हे काम करावे. दारे-फटी उघड्या ठेवून उंदीर मारत राहिल्यास मेलेल्यांची जागा आठवड्यात दुसरे घेतात. मादीची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची असते आणि एका वेतात सहा-आठ पिल्ले होतात, हे लक्षात घेता मारण्याची शर्यत आपण जिंकणार नाही.

सोयीचा काळ म्हणजे एप्रिल-मे. घराची शाकारणी करताना कौले काढलेलीच असतात. त्याच वेळी भिंतीचा माथा आणि वासे यांमधील मोकळी जागा माती-दगडाने न भरता सिमेंटने बंद करावी. भिंतीतील बिळांत आधी खडी ठोकून मग वरून सिमेंट लावावे. नुसत्या मातीचा गिलावा घूस एका रात्रीत काढते. पिटुकला उंदीर जेमतेम सहा मिलिमीटरच्या फटीतून आत शिरतो, म्हणून मापासाठी शिसपेन्सिल घ्यावी. ती दाराखालून जात असेल तर उंदीरही जाईल. दाराच्या खालच्या अंगास, आतून व बाहेरून, एक वीत रुंदीची पत्र्याची पट्टी ठोकावी. खिडकी, मोरीचे तोंड आणि झरोका यांना बारीक, मजबूत लोखंडी जाळी बसवावी. घरावर आलेली आंब्या-फणसाची फांदी छपरापासून दोन-अडीच हात मागे तोडावी.

गणपतीच्या दिवसांत उंदराला मारू नये असे अनेक घरांत मानतात. ते अवश्य पाळावे. फट बुजवायला कोणत्याच घरात मनाई नाही.

कणगीचे काय, असा प्रश्न उरतोच. शेणामातीने सारवलेली बांबूची कणगी हवा खेळती ठेवते, पण उंदरापुढे टिकत नाही. शक्य असेल त्यांनी भात पत्र्याच्या कोठीत ठेवावे. भरण्यापूर्वी ते चांगले वाळलेले असावे, नाहीतर कोठीत घाम धरून बुरशी येते. कणगीच वापरायची असेल तर ती तीन फूट उंच मंचकावर ठेवावी, मंचकाच्या प्रत्येक पायावर पत्र्याचे उलटे नसराळे बसवावे आणि कणगी कोणत्याही भिंतीला टेकू देऊ नये. भिंतीला टेकलेल्या कणगीखालचे नसराळे निरुपयोगी ठरते.

मालाची मांडणी व झाडलोट

पोती भिंतीला लावून रचण्याची सवय सोडावी. भिंत आणि थप्पी यांत दीड फूट जागा ठेवावी, म्हणजे मागे जाऊन झाडता येते आणि लेंड्या दिसतात. थप्पीखाली सहा इंच उंचीच्या फळ्या असाव्यात. आधी आलेला माल आधी विकावा. कोपऱ्यात सहा महिने पडून राहिलेले पोते हे उंदरांचे बाळंतघर असते. रिकामे बारदान दुकानात ठेवू नये.

झाडलोट बहुतेक जण सकाळी करतात. उंदीर रात्री फिरतो, तेव्हा खरी झाडलोट संध्याकाळी दुकान बंद करताना हवी. सांडलेले पीठ, साखर, तराजूच्या पारड्यातील चुरा आणि तेलाच्या डब्याखालचा चिकटा काढून टाकावा. पाण्याचे मडके झाकावे. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नयेत, कारण त्यांची धूळ श्वासात जाते. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून काही वेळ थांबावे, मग हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात.

मांजर पाळणारे दुकानदार बरेच आहेत. मांजर पिटुकल्या उंदरांना धाकात ठेवते, पण मोठ्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. शिवाय तुरीच्या पोत्यावर झोपलेले मांजर ग्राहकानेही पाहू नये आणि दुकानदारानेही खपवून घेऊ नये. त्याची जागा अंगणात.

उंदरांमागे साप येतो, हाही विचार करावा. नाग, घोणस आणि धामण या सर्वांचे ते भक्ष्य आहे. अंधाऱ्या कोपऱ्यातील बारदानात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. विंचू व सर्पदंशावरील उपचारांत आयुष्य घालविलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांचे कार्यक्षेत्र महाडच होते, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा दंशांशी या मुलखाची किती जुनी ओळख आहे, हे त्यावरून दिसते.

पिंजरे आणि चाप

दुकानाच्या आत पिंजरा व चाप हीच साधने वापरावीत. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री चाप न ताणता, आमिष लावून नुसता ठेवावा. ते खाल्ले जाऊ लागले की एकाच रात्री सर्व चाप ताणावेत. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, त्यामुळे चाप भिंतीशी काटकोनात आणि आमिषाचे टोक भिंतीकडे करून मांडावा. किराणा दुकानात धान्याचे आमिष लावण्यात अर्थ नाही. ते त्याला आजूबाजूला हवे तेवढे मिळते. आपल्याकडे सुकट, बोंबलाचा तुकडा किंवा भाजलेले खोबरे चांगले काम देते. एक-दोन चापांनी भागत नाही, दहा-बारा लावावेत.

विषाबाबत

पोलादपूर-महाडच्या बाजारात उंदरांचे औषध मागितले की सहज मिळते आणि बहुतेक वेळा ते खाण्याच्या वस्तूंच्याच फळीखाली मांडले जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे.

झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करते. त्यावर उतारा नाही. अर्धवट विष खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुढे कित्येक दिवस शिवत नाही, म्हणून लागोपाठ वापरल्यास हे औषध बोथट होते. त्याची जागा शेतात, बांधावरच्या चालू बिळांत. आदल्या दिवशी सर्व बिळे बुजवावीत व सकाळी उकरलेली तेवढीच चालू धरावीत. दोन-तीन दिवस बिनविषाचे आमिष द्यावे, मग ९६ भाग भरड धान्य, २ भाग गोडे तेल व २ भाग झिंक फॉस्फाइड काठीने कालवून, हातमोजे घालून, आमिष बिळाच्या आत खोल टाकावे व बीळ बुजवावे. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी मोहीम केली तरच उपयोग होतो.

ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्के तयार वड्यांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि उंदीर चार दिवसांनंतर मरू लागतो. त्यामुळे इतर उंदरांना संशय येत नाही. यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. या वड्या घराबाहेर, मुले व जनावरे पोहोचणार नाहीत अशा बंद पेटीत ठेवता येतात. दुकानात मात्र त्याही नकोत: विष खाल्लेला उंदीर साखरेच्या पोत्यामागे मरतो, किंवा वडीचा तुकडा ओढत नेऊन डाळीत टाकतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात किंवा त्याला लागून असलेल्या दुकानात कधीही वापरू नयेत. त्यांचा वायू फळ्यांच्या भिंतीतून व माळ्यावरून झोपण्याच्या खोलीत जातो आणि माणसे दगावतात.

विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये. घरगुती उपाय करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे वेष्टन बरोबर न्यावे. कोणते विष होते हे डॉक्टरांना कळले तर मोलाचा वेळ वाचतो.

पूर, लेप्टो आणि भिजलेला माल

उंदरांपासून माणसाला होणाऱ्या रोगांत प्लेगचे नाव मोठे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले ते मांडवीत, म्हणजे बंदराला लागून असलेल्या गोदामांच्या वस्तीत. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला व त्यानंतर सुरत येथे त्याची पुन्हा आठवण झाली. आपल्या भागात मात्र दरवर्षीचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा आहे. उंदराच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात टिकतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. गुरांच्या मूत्रातूनही ते येतात. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास साधा ताप समजून अंगावर काढू नये. पहिल्या दिवसांत उपचार मिळाले तर हा रोग बरा होतो. उशीर झाल्यास यकृत व मूत्रपिंडावर बेतते. शेतात राबताना गमबूट वापरावेत. ते जमत नसेल तर निदान जखम झाकावी.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी नद्यांच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. दुकानांतील धान्य, कडधान्ये, पीठ सगळे चिखलात गेले. पुराचे पाणी म्हणजे गटारांचे, गोठ्यांचे आणि उंदरांच्या बिळांचे धुवण. अशा पाण्यात भिजलेले धान्य उन्हात वाळवून, दळून स्वस्तात विकण्याचा मोह होतो. ते करू नये. वाळवल्याने बुरशीचे विष जात नाही, आणि हे धान्य कोंबड्यांना व जनावरांनाही घालू नये. प्लॅस्टिकच्या पुड्यातील बिस्किटे, पीठ, मसाले हेही टाकून द्यावेत. फक्त न फुगलेले, न गंजलेले, घट्ट बंद पत्र्याचे डबे साबणाने धुऊन, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, पुसून ठेवता येतात. दुकान साफ करताना गमबूट व हातमोजे घालावेत, आणि प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात की नाही हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

माल टाकण्यापूर्वी प्रत्येक जिनसाचे नाव, पोत्यांची संख्या व वजन वहीत लिहून छायाचित्रे काढावीत. तलाठ्यांकडून पंचनामा होईपर्यंत तो माल घरापासून दूर, ताडपत्रीखाली ठेवावा. त्यानंतर विहीर व ओढ्यापासून लांब चार फूट खोल खड्डा घेऊन, मालाच्या थरांवर चुना टाकून तो पुरावा आणि वर दगड रचावेत, नाहीतर तोच खड्डा पुढच्या वर्षी घुशी उकरतात.