लांकडी जहाजाचा कित्ता

बाजारांत जी लांकडी जहाजाची पेटी म्हणून विकत मिळते, तींत जहाज नसतें, हें प्रथमच सांगितलेलें बरें. पेटीच्या झांकणावर मात्र शिडें फुगवून लाटा कापीत चाललेलें एक भव्य जहाज रंगविलेलें असतें, आणि तें पाहून पुष्कळ मुलें (व त्यांचे वडीलहि) मोहांत पडतात. झांकण काढून पाहावें तों आंत प्लायवुडच्या कापलेल्या कांहीं फळ्या, पातळ व लांब पट्ट्यांच्या जुड्या, गोल काठ्या, दोऱ्याचीं रिळें, पितळेच्या बारीक वस्तूंची पुडी आणि घडी घातलेले मोठाले नकाशे! इंग्रजींत ह्या पेटीस 'किट' म्हणतात. ह्या साहित्यापासून जहाज कसें उभें राहतें, आणि ह्या कामांत पैसे देऊन विकत न मिळणारी वस्तु कोणती, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

जहाजांच्या प्रतिकृति करण्याची विद्या ह्या पेट्यांहून फार जुनी आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडच्या आरमाराकरितां एका फुटास पाव इंच, म्हणजे 1:48, ह्या प्रमाणांत अत्यंत सुबक प्रतिकृति तयार होत. त्यांपैकीं पुष्कळ आज ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत आहेत. त्यांतील कित्येकांच्या तळाकडील भागास फळ्या मुद्दाम बसविलेल्या नाहींत, त्यामुळें आंतील बरगड्या न् बरगड्या मोजून घेतां येतात. पुढें 1793 ते 1815 ह्या काळांतील युद्धांत इंग्लंडमध्यें कैदेंत पडलेल्या फ्रेंच लोकांनीं जेवणांतून उरलेल्या हाडांचीं जहाजें कोरलीं व तीं विकून चार पैसे मिळविले. डेन्मार्कमधील कित्येक उपासनामंदिरांत छतास टांगलेलें लहानसें जहाज अजूनहि दृष्टीस पडतें. समुद्रावर पोट भरणाऱ्या लोकांनीं तें ईश्वरास वाहिलेलें असतें. ह्या सर्व कारागिरांना आपलें साहित्य आपणच निवडावें, कापावें व तासावें लागे. तयार साहित्याच्या पेट्यांचा प्रसार विसाव्या शतकांत झाला. अमेरिकेंत 'मॉडेल शिपवेज' ही कंपनी 1946 सालीं, व डेन्मार्कमध्यें 'बिलिंग बोट्स' ही 1958 सालीं निघाली. पूर्वीच्या अनेक पेट्यांत जहाजाच्या अंगाचा सबंध ठोकळाच यंत्रानें ओबडधोबड कोरून देत. हल्लीं बहुधा सांगाड्याचे सुटे भाग देतात व ते लेसर किरणांनीं कापलेले असतात.

आतां प्रमाणाकडे वळूं. उदाहरणादाखल 'व्हिक्टरी' हें जहाज घेऊं, कारण त्याच्या पेट्या अनेक कंपन्या विकतात. सर टॉमस स्लेड ह्यानें रचलेलें हें जहाज 1765 सालीं चॅटम येथें पाण्यांत उतरलें. 1805 सालच्या ट्रॅफल्गारच्या लढाईंत नेल्सन ह्याच जहाजावर होता. 1922 पासून तें पोर्टस्मथ येथील कोरड्या गोदींत आहे. त्याच्या तोफांच्या मजल्याची लांबी 186 फूट. 1:72 ह्या प्रमाणांत ती किती भरेल? 186 फुटांचे इंच 2,232. त्यांस 72 नें भागिलें असतां बरोबर 31 इंच. साडेपांच फूट उंचीचा खलाशी ह्या जहाजावर उभा केल्यास तो एक इंचाहूनहि किंचित् ठेंगणा होईल.

येथपर्यंतचें गणित सोपें आहे. परंतु लांबी 72 पटीनें घटली म्हणजे वजनहि तितक्याच पटीनें घटतें असें जो समजेल तो फसेल. पृष्ठभाग 5,184 पटीनें, आणि घनफळ 72 च्या घनाइतक्या, म्हणजे 3,73,248 पटीनें कमी होतें. खऱ्या व्हिक्टरीनें बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन सुमारें 3,500 टन. इंग्रजी टन 2,240 पौंडांचा, म्हणून त्याचे पौंड 78,40,000. ह्यांस वरील घनानें भागून पाहा. उत्तर सुमारें 21 पौंड येईल. म्हणजे आपलें 31 इंची जहाज पाण्यांत सोडलें, तर खऱ्या जहाजाप्रमाणें बेतानें बुडून तरंगण्याकरितां त्याचें वजन 21 पौंड, अर्थात् साडेनऊ किलोग्रॅम, भरलें पाहिजे. पेटींतील लांकूड इतकें जड कोठून असणार? तसें जहाज पाण्यांत टाकल्यास बुचासारखें वर येतें आणि डोलकाठ्यांच्या भारानें कलंडतें. धाकट्या भावंडांनीं हौदाकडे धांव घेण्यापूर्वीं हा हिशेब त्यांना अवश्य समजावून द्यावा.

दोरांच्या बाबतींत आणखी एक खोंच आहे. शिडांच्या काळांतील खलाशी दोराचें माप व्यासानें न सांगतां परिघानें सांगत. व्हिक्टरीच्या नांगराचा दोर 24 इंची होता असें वाचून तो दोन फूट जाड होता अशी कल्पना कोणी करून घेऊं नये. परिघावरून व्यास काढला तर तो साडेसात इंचांच्या थोडा वर येतो, आणि त्याचा 72 वा हिस्सा म्हणजे इंचाचा जवळजवळ दहावा भाग. ही गोष्ट ज्यास ठाऊक नाहीं तो आपल्या चिमुकल्या जहाजास हत्ती बांधण्याचा साखळदंड बांधून ठेवतो!

प्रमाणानें सर्व कांहीं लहान होतें. लांकडाचा पोत मात्र लहान होत नाहीं. व्हिक्टरी मुख्यतः ओक वृक्षाच्या लांकडाची आहे. ओकच्या लांकडांत नुसत्या डोळ्यांनीं दिसणारीं छिद्रें असतात. इंचाच्या शंभराव्या भागाएवढें छिद्र 1:72 च्या जहाजावर आलें, म्हणजे खऱ्या जहाजाच्या फळीस जवळजवळ पाऊण इंचाचें भोंक असल्यासारखें झालें. म्हणून जाणते कारागीर नासपतीचें किंवा बॉक्सवुडचें घट्ट व बारीक पोताचें लांकूड वापरतात; पेट्यांत आंतल्या थरास लाइम व बाहेरील थरास बहुधा अक्रोड देतात. आपल्या सागवानासहि हाच नियम लागू आहे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनीं बांधलेलें, 12 ऑक्टोबर 1817 रोजीं पाण्यांत उतरलेलें 'त्रिंकोमाली' हें जहाज अस्सल सागवानाचें आहे, आणि इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें तें आजहि तरंगत आहे. तथापि त्याची प्रतिकृति सागवानांत करूं नये. सागाचीं छिद्रें व रेषा ठळक असतात. त्या लहान जहाजावर नांगरलेल्या शेतासारख्या दिसतील. खऱ्याशीं इमान राखावयाचें तर येथें खरें लांकूडच टाळावें लागतें.

ह्याच त्रिंकोमालीच्या आराखड्यांची हकीकत ऐकण्याजोगी आहे. ते इंग्लंडहून 'जावा' नांवाच्या लढाऊ जहाजावरून हिंदुस्थानाकडे निघाले होते. 1812 च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यापासून जवळ 'कॉन्स्टिट्यूशन' ह्या अमेरिकन जहाजानें जावाचा पाडाव केला, आणि तिच्याबरोबर आराखडेहि गेले. ते दुसऱ्यांदा पाठवावे लागले, व त्रिंकोमालीचा कणा 1816 सालीं घातला गेला. गोदींत कसबी सुतारांस तोटा नव्हता. तरीहि कागदाची वाट पाहावी लागली ती कां, हें पेटींतील नकाशा उलगडला म्हणजे कळतें. त्यावर एकाच जहाजाचीं तीन चित्रें असतात: बाजूनें पाहिलेलें, वरून पाहिलेलें आणि समोरून पाहिलेलें. जहाजाच्या अंगावरील कोणताहि एक बिंदु घ्या, त्याची उंची पहिल्या व तिसऱ्या चित्रांत सारखीच भरली पाहिजे, आणि मध्यरेषेपासूनचें अंतर दुसऱ्या व तिसऱ्या चित्रांत सारखेंच. भूमितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलानें कंपास घेऊन असे दहा बिंदु ताडून पाहावे. सरस उघडण्यापूर्वीं एक सबंध संध्याकाळ ह्या कामीं घालविली तरी ती वायां जात नाहीं.

प्रत्यक्ष बांधणी कण्यापासून सुरू होते. कण्याच्या उभ्या फळीस ठराविक अंतरावर खांचा असतात व त्यांत आडव्या फळ्या, म्हणजे बरगड्या, बसतात. प्रत्येक बरगडी कण्याशीं काटकोनांत आहे कीं नाहीं हें गुण्या लावून पाहावें. कणा सरळ आहे कीं नाहीं हें एका टोंकाशीं डोळा नेऊन पाहावें. प्लायवुड पेटींत पडल्यापडल्या कधीं कधीं वांकतें, आणि वांकडा कणा पुढें कोणत्याहि उपायानें सरळ होत नाहीं. मग जें काम येतें तें सूचनापत्रांत बहुधा एका ओळींत उरकलेलें असतें. जहाज साधतें किंवा बिघडतें तें मात्र येथेंच.

बरगडीची कड यंत्रानें सरळ कापलेली असते. जहाज तर दोन्ही टोंकांकडे निमुळतें होत जातें. त्यामुळें वर बसवावयाची पट्टी तेथें तिरकी येते व बरगडीच्या एका धारेवर कशीबशी टेकते. ती धार कानशीनें तिरकी घासून पट्टीच्या ओघांत आणावयाची असते. किती घासावी, ह्याचें माप नकाशावर सांपडत नाहीं. एक पातळ पट्टी चार बरगड्यांवरून आडवी धरावी आणि बोटानें हलकेंच दाबावी. ती प्रत्येक बरगडीच्या सबंध जाडीवर बसली पाहिजे आणि कोठेंहि कोपरा न काढतां वळली पाहिजे. जेथें बरगडी उंच असेल तेथें घासावें. जेथें खालीं फट राहील तेथें लांकडाची पातळ ढलपी चिकटवून ती सुकल्यावर घासावें. ही परीक्षा वर, मध्यें, खालीं आणि दोन्ही बाजूंस पुनः पुनः करावी. घाईच्या मुलास ह्या वेळीं कांहींच दिसत नाहीं. त्यास वाटतें, वरून फळ्या बसल्या म्हणजे सर्व झांकून जाईल. पुढें दोन महिन्यांनीं जहाजास रोगण लागतें, रात्रीं दिव्याचा तिरपा उजेड त्यावर पडतो, आणि प्रत्येक उंच बरगडी कृश घोड्याच्या फांसळीप्रमाणें वर आलेली दिसते. तेव्हां काय करणार? फळ्यांचे दोन थर देण्याची जी पद्धति आहे, तिनें बारीक फटी झांकतात. चुकलेला आकार झांकत नाहीं.

फळ्या बसवितांना गणित पुनः उपयोगीं पडतें. समजा, मधल्या बरगडीच्या एका बाजूचा घेर 6 इंच आहे व पट्टी पाव इंच रुंद आहे; तेथें 24 पट्ट्या लागतील. पुढच्या टोंकाकडे तोच घेर 4 इंचच भरला, तर त्याच 24 पट्ट्या तेथें मावण्यासाठीं प्रत्येक पट्टी इंचाच्या सहाव्या भागाइतकी निमुळती केली पाहिजे. जो हें करीत नाहीं त्याच्या पट्ट्या एकमेकींवर चढूं लागतात, आणि मग तो पेटीस दोष देतो. मागील बाजूस उलट प्रकार होतो: घेर वाढतो, फटी पडतात, व त्यांत पाचरीसारखे तुकडे बसवावे लागतात. पट्टी वळवावयाची ती भिजवून व ऊब देऊन; परंतु ओली पट्टी कधींहि चिकटवूं नये. भिजलेलें लांकूड रुंदीनें फुगतें व वाळल्यावर आक्रसतें, मग शेजारच्या दोन पट्ट्यांमध्यें फट उघडी पडते. कोंकणांत पावसाळ्यांत हें काम करणाऱ्यांनीं तर दुप्पट सावध असावें. शिवाय एक पट्टी डावीकडे बसविली कीं दुसरी उजवीकडे बसवावी. सर्व पट्ट्या एकाच बाजूस बसवीत गेल्यास त्यांच्या ओढीनें कणा धनुष्यासारखा वांकतो.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, कापलेले तुकडे जोडण्यांत कसली आली कारागिरी! हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. पेटींतून केलेल्या जहाजास 'माझ्या कल्पनेचें जहाज' म्हणणें शोभणार नाहीं. पण अक्षर वळविण्याकरितां आपण कित्ता गिरवितों, तेव्हां अक्षर दुसऱ्याचें असतें व वळण आपल्या हातास लागतें. पेटी हा कित्ताच होय. पेटी फळी देते, नकाशा देते. कानस कोठें थांबवावी हें ती सांगूं शकत नाहीं. तें बोटांनाच शिकावें लागतें, आणि पुढें पेटीवांचून नुसत्या नकाशावरून जहाज बांधणारे पुष्कळ लोक ह्याच शाळेंतून बाहेर पडलेले असतात.

पालकांस दोन शब्द. पहिल्याच खेपेस शंभर तोफांचें तीन डोलकाठ्यांचें जहाज मुलाच्या हातीं देऊं नये. शंभरावी तोफ बसवितांना पहिल्या दहा तोफांहून निराळें असें कांहींच शिकावयास मिळत नाहीं. मुलगा मात्र थकतो व पेटी माळ्यावर जाते. एका डोलकाठीचें, थोड्या दोरांचें, उघडें गलबत घ्यावें. त्यांत कणा, बरगड्या, फळ्या हे सर्व धडे येतात. सुरी धारदार द्यावी. बोथट सुरीस जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी घसरून बोटावर जाते. आरंभीं वडील मनुष्यानें जवळ बसावें, पण कानस आपल्या हातीं घेऊं नये.

तयार झालेलें जहाज कांचेच्या पेटींत ठेवावें, नाहीं तर दोरांवर बसलेली धूळ झाडतां झाडतां दोरच तुटतात. मात्र ही पेटी ओक लांकडाची करूं नये, व ती अगदीं हवाबंदहि करूं नये. ओक व इतर कांहीं लांकडांतून आम्ल वाफ निघत असते. बंद पेटींत ती सांचून राहिली म्हणजे शिशाच्या तोफा, नांगर वगैरे वस्तूंवर पांढरी भुकटी येऊं लागते, आणि कांहीं वर्षांनीं त्या वस्तु झिजून जातात. जुन्या प्रतिकृतींवर संग्रहालयांनीं हा रोग पाहिलेला आहे. ज्यांच्या जहाजावर शिशाचे भाग असतील, त्यांनीं पेटीच्या तळाशीं हवा खेळण्यास दोन-चार भोंकें ठेवून त्यांवर आंतून विरळ कापड चिकटवावें.