जंपर खांबावरचा आणि जंपर अंगातला

प्रश्न : ‘जंप’ म्हणजे उडी, एवढंच शाळेत शिकले. पण परवाच्या वादळात वीज गेली आणि वायरमन म्हणाला, ‘जंपर तुटलाय’. मुलाला ‘सिग्नल जंप’ केल्याचं चलन आलं. शेजाऱ्यांची गाडी थंडीत ‘जंप स्टार्ट’ करावी लागते. लंडनला असलेली भाची स्वेटरला ‘जंपर’ म्हणते. या सगळ्यांत उडी नेमकी कोण मारतं? आणि जाता जाता, लीप वर्षात कोण उडी मारतं, हेही सांगाल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, खांबावरच्या जंपरपासूनच सुरुवात करू या, कारण बाकीच्या बहुतेक अर्थांची किल्ली त्याच्याकडे आहे.

विजेची तार या खांबावरून त्या खांबावर नेताना ती चांगली ताणून बांधावी लागते. जिथे लाइन वळते किंवा लांब टप्पा संपतो, तिथल्या खांबावर दोन्ही बाजूंच्या तारा चिनी मातीच्या किंवा तशाच दुसऱ्या इन्सुलेटरला पक्क्या बांधतात. तारेची ओढ खांबाने सोसायची, पण वीज मात्र खांबात उतरू द्यायची नाही, यासाठी ही व्यवस्था. आता पंचाईत अशी, की इन्सुलेटर वीज खांबात जाऊ देत नाही तशी पलीकडच्या तारेतही जाऊ देत नाही. मग अलीकडची तार आणि पलीकडची तार जोडणारा एक सैल, कमानदार तुकडा इन्सुलेटरला वळसा घालून नेतात. तो जंपर. त्याच्यावर ओढ नसते. वीज पलीकडे पोचवणं एवढंच त्याचं काम. त्याचा जोड ढिला पडला की तिथे तार तापते, हळूहळू जळते आणि वाऱ्याच्या एखाद्या झोताने तुटते. खांब उभा, तारा शाबूत, तरी सगळ्या आळीत अंधार होतो तो या हातभर तुकड्यामुळे.

आता उडीकडे पाहा. चालताना एक तरी पाय जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे वाटेतली सगळी जमीन आपण पायाखाली घालत जातो. उडी मारताना दोन्ही पाय सुटतात आणि मधली जागा न शिवता आपण पलीकडे पोचतो. ओढ्यावरून उडी मारली तर पाणी पायाला लागत नाही. इंग्रजीने ‘जंप’ या शब्दावर जे भाराभर अर्थ लादले, त्यांतल्या बहुतेकांत पाय नाहीत, उंची नाही, जोरही नाही. आहे ते हे मधलं न शिवणं. खांबावरचा जंपर इन्सुलेटर चुकवून पलीकडे जातो. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर दोन पिना जोडणारं नखाएवढं टोपण असतं, त्यालाही जंपरच म्हणतात.

शेजाऱ्यांच्या गाडीचं तसंच आहे. तिची बॅटरी उतरलेली असते, म्हणून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून केबल लावून स्टार्टरला वीज द्यायची. स्वतःची निकामी बॅटरी जणू मधून वगळायची. या केबलना इंग्लंडमध्ये ‘जंप लीड’ म्हणतात, अमेरिकेत ‘जंपर केबल’. विषय निघालाच आहे तर शेजाऱ्यांना एवढं सांगा : लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला आणि मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावावी, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचं उरलेलं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडू शकते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही. गाडीला धक्का मारून चालू करणं मात्र जंप स्टार्टमध्ये येत नाही. तिथे बॅटरीचा हिस्सा ढकलणारे उचलतात, मधून काही वगळलं जात नाही.

मुलाच्या चलनात न शिवलेली गोष्ट म्हणजे थांबणं. लाल दिवा लागल्यापासून हिरवा लागेपर्यंतचा जो वेळ आहे, तो त्याने गाळला. आपल्याकडे हा प्रयोग ब्रिटिश इंग्रजीतून आला. अमेरिकन माणूस लाल दिवा ‘जंप’ करत नाही, तो त्याच्यासाठी ‘रन’ हे क्रियापद वापरतो. आपल्या कायद्यातही हा ‘जंप’ जाऊन बसला आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हा धोकादायक वाहन चालवण्याच्या 184 व्या कलमात कोणकोणत्या गोष्टी येतात याचं स्पष्टीकरण जोडलं गेलं. त्यातली पहिलीच गोष्ट लाल दिवा ‘जंप’ करणं ही आहे. म्हणजे ‘सिग्नल जंप’ हा शब्द केवळ नाक्यावरच्या बोलीतला नाही, चांगला कायद्याचा आहे.

हा नियम ओलांडण्याचा अर्थ इंग्रजीत फार पसरला आहे. रांग जंप करतात, तेव्हा मधली माणसं गाळतात. जामिनावर सुटलेला आरोपी जामीन जंप करतो, तेव्हा कोर्टाची तारीख गाळतो. करार संपायच्या आत बंदरावर उतरून पसार होणारा खलाशी जहाज जंप करतो. 1849 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली, तेव्हा दुसऱ्याने खुणा करून राखलेली जागा बळकावणाऱ्याला ‘क्लेम जंपर’ म्हणू लागले. मुलांच्या सगळ्यात आनंदाच्या हालचालीचा शब्द अपराधाच्या इतक्या जागी जाऊन बसावा, याचं मला फार नवल वाटतं. मराठीने उडीला हे करायला लावलं नाही. आपण रांग मोडतो, आरोपी फरार होतो. आपल्या उडीच्या अंगावर गुन्हा नाही.

शर्यतीतला ‘जंप द गन’ हा वाक्प्रचारही याच घरातला : पिस्तुलाचा बार न ऐकता सुटणं. यात अंतर इतकं सूक्ष्म असतं, की ते डोळ्यांवर सोडून चालत नाही. मोठ्या स्पर्धांत धावपटूच्या पायाखालच्या ठोकळ्यांत संवेदक असतात, आणि बारानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जो हालतो तोही चुकीचा ठरतो. माणसाला आवाज ऐकून इतक्या लवकर निघताच येत नाही, त्यामुळे त्याने अंदाजाने उडी घेतली असं धरतात. 2010 पासून पहिल्याच चुकीला धावपटू बाद होतो. 2011 च्या दक्षिण कोरियातल्या देगूच्या जागतिक स्पर्धेत 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत उसेन बोल्ट असाच बाद झाला. जगातला सर्वांत वेगवान माणूस, आणि शर्यत न धावताच बाहेर.

गोव्यातल्या दाबोळीच्या आसपास राहणाऱ्यांनी एक वेगळीच उडी वर्षानुवर्षं पाहिली. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमानं 1983 पासून 2016 पर्यंत सेवेत होती आणि त्यांचा तळ तिथल्या आयएनएस हंसावर होता. हॅरियरचं टोपणनाव ‘जंप जेट’. इंजिनाचा झोत खाली वळवून हे विमान सरळ वर उठू शकतं आणि तसंच खाली उतरू शकतं. गाळलेली गोष्ट इथे धावपट्टी आहे. पण इंधन आणि शस्त्रं लादलेलं विमान सरळ वर उचलणं फार खर्चाचं पडतं, म्हणून विमानवाहू जहाजाच्या नाकाशी डेक वर उचललेलं असतं. त्याला ‘स्की-जंप’ म्हणतात, बर्फावरच्या खेळातल्या उतारावरून. थोडंसं धावून विमान त्या चढावरून वर फेकलं जातं. आताच्या विक्रांतवर हा चढ 14 अंशांचा आहे. त्याचा सराव जमिनीवर करता यावा म्हणून हंसावरही तसाच चढ बांधला आहे, आणि नौदलाच्या तेजस विमानाने 20 डिसेंबर 2014 रोजी त्याच्यावरून पहिलं उड्डाण केलं.

सिनेमाच्या संकलनातला ‘जंप कट’ तुमच्या यादीत नाही, पण तो तुम्ही रोज मोबाइलवर पाहता. माणूस बोलत असतो, कॅमेरा तिथेच असतो, आणि मधला तुकडा कापल्यामुळे त्याची मान एकदम दुसरीकडे वळलेली दिसते. एके काळी संकलक याला दोष मानत. दिग्दर्शक गोदारच्या 1960 सालच्या ‘ब्रेथलेस’मध्ये त्याने तो उघडपणे, पुन्हा पुन्हा वापरला. गाडीत बसलेली नायिका तीच, मागचा पॅरिसचा रस्ता मात्र क्षणाक्षणाला बदलतो. प्रेक्षकाला कळतं की वेळ गाळला गेला आहे, आणि ते लपवलेलं नाही.

मधल्यापेक्षा सुरुवातीवर, म्हणजे जमीन सोडण्याच्या झटक्यावर भर देणारे अर्थही आहेत : भाव जंप करतात, आवाजाने माणूस जंप करतो. तिथे आपल्याकडे उसळी आहे, दचकणं आहे, त्यात अवघड काही नाही. अवघड आणि सुंदर आहे तो हरवलेला अर्थ, उडीच्या शेवटचा. ‘जंप’ इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. त्याआधी ‘लीप’ आणि ‘स्प्रिंग’ हे जुने शब्द होते. ‘जंप’चं मूळ कुणाला नक्की सापडलेलं नाही, बंप, थंप यांच्यासारखा तो आवाजावरून घडला असावा, जसं आपल्याकडे ‘टुणकन’ किंवा ‘धप्पकन’. धप्पकन पाय टेकतात तो क्षण या शब्दात सुरुवातीपासून असावा, कारण शेक्सपिअरच्या काळात ‘जंप’चा एक अर्थ ‘बरोबर, नेमकं’ असा होता. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात पहारेकरी सांगतो की भूत आधीही याच वेळेला आलं होतं, आणि या ‘याच’साठी जुन्या क्वार्टो आवृत्त्यांत ‘जंप’ हा शब्द छापलेला आहे. 1623 च्या फोलिओ आवृत्तीत त्याच्या जागी ‘जस्ट’ आला. त्याच काळात दोन माणसांचं मत जुळलं की ती ‘जंप’ करतात असं म्हणत. दोघांनी वेगवेगळ्या जागांवरून उडी मारावी आणि दोघांचे पाय एकाच ठिकाणी टेकावेत, असा तो अर्थ. दोन शहाण्यांना एकच गोष्ट सुचते या आशयाच्या इंग्रजी म्हणीत पूर्वी हेच क्रियापद होतं. आज इंग्रजी बोलणाऱ्यालाही हे कोशात पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

मराठी उडी मात्र या शेवटाशी अजून इमान राखून आहे. ‘त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी काय ओलांडलं याला महत्त्व नसतं. ते कशात पडले, कशात सर्वस्वाने उतरले, ते महत्त्वाचं. सेलमध्ये साड्यांवर उड्या पडतात त्याही तिथेच. पक्ष बदलणाऱ्याने कोलांटउडी मारली असं आपण म्हणतो ते यासाठी, की एवढं गरगरून तो कुठे टेकला हे लोक पाहत असतात.

राहिला भाचीचा जंपर. ताई, तो या कुळातला नाहीच. बहुतेक कोशकारांचा कौल असा की तो फ्रेंच ‘ज्यूप’वरून आला, आणि ज्यूप अरबी ‘जुब्बा’वरून. जुब्बा म्हणजे सैल, लांब अंगरखा. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात आखूड अंगरख्याला ‘जंप’ म्हणत, एकोणिसाव्या शतकात खलाशी आणि कष्टकरी अंगावर चढवत त्या ढगळ सदऱ्याला ‘जंपर’, आणि मग ते नाव विणलेल्या स्वेटरवर गेलं. अमेरिकेत त्याच शब्दाने बिनबाह्यांचा फ्रॉक समजतात, फ्रान्समध्ये ज्यूप म्हणजे आज स्कर्ट. आपल्या झब्ब्याचं मूळही त्याच अरबी जुब्ब्यात सांगतात. तेव्हा भाचीचा जंपर आणि तिच्या आजोबांचा झब्बा हे दूरचे भाऊबंद निघतात, खांबावरच्या जंपरशी मात्र त्यांचं काही नातं नाही. उच्चार एक झाला म्हणून शब्द एक होत नाहीत, याचं इतकं चांगलं उदाहरण सहसा मिळत नाही. कोशात त्याच्या शेजारी छापलेला ‘जंपसूट’ मात्र अस्सल उडीचा : पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारणाऱ्यांच्या एकसंध पोशाखावरून ते नाव पडलं.

आता लीप वर्ष. ‘लीप’ हा जंपपेक्षा कितीतरी जुना शब्द. त्याचं जर्मन भावंड ‘लाउफेन’ म्हणजे धावणं आणि डच भावंड ‘लोपेन’ म्हणजे चालणं. लीप वर्षात उडी मारते ती तारीख, आणि मधे गाळला जातो तो वार. 365 दिवसांत 52 आठवडे आणि एक दिवस असतो, म्हणून कोणतीही तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते. 29 फेब्रुवारी आल्यावर त्यापुढच्या तारखा दोन वार सरकतात. महाराष्ट्र दिन 2025 साली गुरुवारी होता. 2026 साली तो शुक्रवारी आणि 2027 साली शनिवारी. 2028 हे लीप वर्ष, त्यामुळे त्या साली 1 मे रविवारवरून उडी मारून सोमवारी येईल. सुट्टी वाया जात नाही.