पन्नास की शंभर?

(डीएनएमधील न्यूक्लिओटाइड आणि बेस-जोड्या मोजताना नेहमी होणारी एक चूक लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितली आहे.)

चाचणी परीक्षेत दहावीला एक प्रश्न होता : 'डीएनएच्या एका दुपेडी तुकड्यात २० ॲडेनीन आणि ३० ग्वानीन आहेत. त्यात एकूण न्यूक्लिओटाइड किती?' मी घाईत होतो. २० आणि ३० मिळून ५०, असे मनाशी धरून मी पेपर तपासले. एका मुलीने १०० लिहिले होते. तिच्या उत्तरावर मी लाल फुली मारली.

पेपर वाटले त्या दिवशी संध्याकाळी मी देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. ती मुलगी तिच्या अब्बांबरोबर तिथेच उभी होती. सलाम करून ती म्हणाली, "सर, माझे उत्तर कुठे चुकले?"

"बेटा, वीस आणि तीस किती होतात?"

"पन्नास. पण सर, त्या तर जोड्या झाल्या. जुम्याच्या नमाजाला पन्नास माणसे आली, तर मशिदीच्या दाराशी चपलांच्या जोड्या पन्नास असतात. चपला मात्र शंभर!"

मी निरुत्तर झालो. तिचे उत्तर बरोबर होते.

विद्यार्थ्यांनो, तिचा हिशेब आपण नीट समजून घेऊ. डीएनए म्हणजे पिळलेली शिडीच. तिला दोन पेड असतात. प्रत्येक पेड न्यूक्लिओटाइड नावाच्या लहान घटकांनी बनतो. एका न्यूक्लिओटाइडमध्ये शर्करा, फॉस्फेट आणि एक बेस असतो. बेस चार प्रकारचे आहेत : ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. समोरासमोरचे दोन बेस जुळले की शिडीची एक पायरी होते. तीच बेस-जोडी.

ही जोडी कशीही जुळत नाही. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीनच येते. डीएनएमध्ये ॲडेनीन व थायमीन जवळजवळ सारखे असतात, तसेच ग्वानीन व सायटोसीनही, हे अर्विन शारगाफ यांनी १९५० मध्ये दाखवले. त्याचे कारण १९५३ मध्ये कळले. त्या वर्षी जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्राचा त्यांना मोठा उपयोग झाला.

आता मोजा. ॲडेनीन २०, म्हणून थायमीन २०. ग्वानीन ३०, म्हणून सायटोसीन ३०. एकूण न्यूक्लिओटाइड १०० आणि बेस-जोड्या ५०.

फाट्यावर एका रस्त्याचे दोन रस्ते होतात. पेशी विभागण्याआधी डीएनएचे दोन पेडही असेच वेगळे होतात. प्रत्येक जुन्या पेडासमोर नवा पेड तयार होतो. त्या ५० जोड्यांच्या तुकड्याचे दोन तुकडे होतात. मग जोड्या १०० आणि न्यूक्लिओटाइड २००.

आपल्या परभणी जिल्ह्यातील शेतांत तूर पिकते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये तुरीच्या डीएनएचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यासाठी 'आशा' हे वाण निवडले होते. तुरीच्या एका जनुकसंचात सुमारे ८३ कोटी बेस-जोड्या असाव्यात, असा अंदाज त्यांनी दिला. म्हणजे न्यूक्लिओटाइड झाले सुमारे १६६ कोटी! मर आणि वांझ या रोगांना तोंड देणारी वाणे शोधताना हा आराखडा उपयोगी पडतो.

मात्र प्रत्येक वेळी दुप्पट करू नका. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातील रुग्णांकडून मिळालेल्या कोरोना विषाणूचा आराखडा वाचला. त्या विषाणूत डीएनए नसून एकपेडी आरएनए असतो. तिथे बेस-जोड्या मोजत नाहीत. त्याची लांबी सुमारे ३० हजार न्यूक्लिओटाइड अशीच सांगतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली. त्या मुलीला तिचे दोन गुण दिले आणि ५० लिहिणाऱ्यांचे परत घेतले. एक मुलगा नाराज होऊन म्हणाला, "सर, तुम्हीच तर बरोबर म्हणाला होता!"

"होय," मी म्हणालो, "मी जोड्या मोजल्या. प्रश्न मात्र न्यूक्लिओटाइडचा होता."

मग त्याला मी फळ्याजवळ बोलावले आणि तोच हिशेब त्याच्याकडून पुन्हा करून घेतला.

शब्दार्थ
दुपेडी – दोन पेड असलेला
निरुत्तर होणे – काय उत्तर द्यावे ते न सुचणे
वाण – पिकाचा प्रकार
मर – झाड वाळून जाण्याचा रोग

स्वाध्याय
१. मुलीने कोणते उदाहरण दिले? ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. कोरोना विषाणूच्या बाबतीत बेस-जोड्या का मोजत नाहीत?
३. वाक्यात उपयोग करा : वाट पाहणे, तोंड देणे.
४. डीएनएच्या एका दुपेडी तुकड्यात १२० बेस-जोड्या आहेत. त्यात ॲडेनीन ३५ आहेत. तर ग्वानीन किती? एकूण न्यूक्लिओटाइड किती?