जुना लॅपटॉप आणि रॅमची पट्टी : आधी परीक्षण, मग खर्च



आपल्या पुष्कळ घरांत आता लॅपटॉप आहे. थोरल्याच्या कॉलेजसाठी घेतलेला, आणि आता घरातल्या सगळ्यांच्या हाताखाली आलेला. त्यावर सातबारा निघतो, बचत गटाचा हिशेब होतो, धाकटी पोरे अभ्यास करतात. सहा-सात वर्षे झाली की तक्रार सुरू होते, "बटण दाबून चहा पिऊन आलो, तरी गोल फिरतंयच!" मग कोणी सांगतो नवा घ्या, कोणी सांगतो रॅम वाढवा. उसाच्या बिलातला पैसा घालायचा, तर तो कशावर घालतो आहोत हे कळले पाहिजे. त्यासाठी हा पाठ.

रॅम म्हणजे काय?

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घेऊ. ऊस यार्डात येऊन थांबतो, तिथून गव्हाणीत पडतो आणि गव्हाणीतून मिलकडे जातो. यार्डातला ऊस मिलला थेट मिळत नाही. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ही मिल, रॅम ही गव्हाण आणि डिस्क हे यार्ड. यार्ड कितीही मोठे असो, गव्हाण अपुरी असेल तर मिल रिकामी फिरणार.

रॅम भरली की लॅपटॉप तूर्त न लागणारी माहिती डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागली की परत आणतो. ही ने-आण फार महागात पडते. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून एखादी माहिती शोधून आणायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, रॅममधून सुमारे १०० नॅनोसेकंद. म्हणजे एक लाख पटीचा फरक! गोल फिरत राहते ते पुष्कळदा यामुळेच.

इथे एक गैरसमज काढून टाकू. लॅपटॉपवर '५०० जीबी' लिहिलेले असते ती डिस्क, आणि '४ जीबी' लिहिलेली असते ती रॅम. लग्नाचे फोटो पुसून डिस्कवर जागा होईल, पण रॅम वाढणार नाही.

आधी परीक्षण

माती परीक्षण न करता खताची पोती टाकली, तर पीक वाढेलच असे नाही, पैसा मात्र जातो. इथेही तसेच. नेहमीची सगळी कामे उघडी ठेवावीत. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि नंतर मेमरी पाहावे.

रोजच्या कामातच मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम कमी पडते आहे असे समजावे. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर दोष यार्डाचा आहे. अशा वेळी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, रॅमवर खर्च करू नये. दोन्ही भरलेली दिसली, तर आधी रॅमचा विचार करावा, कारण ने-आणीमुळेच डिस्क गुंतलेली असू शकते.

कोणती पट्टी घ्यावी?

मेमरीच्या त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' असे लिहिलेले असते. दोनपैकी एक वापरात असेल, तर दुसरी पट्टी बसू शकते. 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'रो ऑफ चिप्स' असेल, तर रॅम बोर्डालाच डाख दिलेली आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती अशी असते आणि वाढवता येत नाही.

लॅपटॉपच्या पट्टीला एसओ-डिम म्हणतात. टेबलावरच्या संगणकाची लांब पट्टी तिथे बसत नाही. शिवाय पिढ्या वेगळ्या आहेत. डीडीआर-३ ला २०४ पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २६० पिना आणि १.२ व्होल्ट, डीडीआर-५ ला २६२ पिना आणि १.१ व्होल्ट. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. डीडीआर-३एल ही १.३५ व्होल्टची. काही लॅपटॉपना हीच लागते, तेव्हा 'एल' हे अक्षर विसरू नये. दोन वेगांच्या पट्ट्या लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, बैलजोडीत एक बैल मंद असावा तसे. लॅपटॉप जास्तीत जास्त किती जीबी घेतो, तेही मॉडेल क्रमांकावरून आधी पाहावे. दुकानात जाताना जुनी पट्टी किंवा तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो न्यावा.

बसवताना

लॅपटॉप पूर्ण बंद करावा, नुसता झाकू नये. चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी, आत असेल तर तिची जोडणी सोडवावी. मग चालू करायचे बटण थोडा वेळ दाबून धरावे. धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. पट्टी कडेने धरावी, सोनेरी दातांना बोट लावू नये. खाच जुळवून तिरकी आत सारावी आणि खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' आवाज आला की बसली. लॅपटॉप सुरू झाला नाही तर घाबरू नये, पट्टी काढून पुन्हा नीट बसवावी. हाताला सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावे, मात्र पट्टीची पिढी आपण स्वतः ताडून पाहावी.

रॅमने काय होत नाही?

३२-बिटचे विंडोज ४ जीबीच्या वरची रॅम वापरू शकत नाही. तिथे आधी ६४-बिटचे घालावे लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम किमान चालते, पण टीपीएम २.० आणि मान्य यादीतला प्रोसेसरही लागतो. इंटेलचे आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर, एखादा अपवाद सोडता, त्या यादीत नाहीत. रॅम १६ जीबी केली तरी ही अट सुटत नाही. अशा लॅपटॉपवर पैसे घालण्यापूर्वी घरात बसून विचार करावा. लिनक्स घालून त्याच्याकडून काम घेता येते, हाही एक मार्ग आहे. बिजागरी मोडलेली, बॅटरी फुगलेली असेल तर मात्र रॅमचा खर्च वाया जाईल.

थोडक्यात, रॅम हे चांगले खत आहे, पण ज्या जमिनीला ते कमी पडते तिलाच. दोन मिनिटांचे परीक्षण फुकट होते. ते केल्याशिवाय कोणाही सभासदाने दुकानाची पायरी चढू नये, एवढीच आमची विनंती.