‘आज’ची व्युत्पत्ती : ध्वनिसाम्य आणि शब्दांचे नाते

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर ध्वनिसाम्यावर विसंबणारी व्युत्पत्ती आणि ध्वनिनियमांवर आधारलेली व्युत्पत्ती यांतील भेद आपणांस स्पष्ट करता येईल.

विवेचन : रेवदंड्याचा कोट १७४० पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. कुंडलिका खाडीपलीकडील कोर्लई गावातील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही नांदते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. मराठीनेही ‘पाव’, ‘बटाटा’, ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजमधून घेतले. मराठी ‘आज’च्या अर्थाचे पोर्तुगीज क्रियाविशेषण साधारण ‘ओज’ असे उच्चारले जाते. मग ‘आज’ हाही उसना शब्द मानावा काय?

तसे मानता येत नाही. संस्कृत ‘अद्य’, प्राकृत ‘अज्ज’, मराठी ‘आज’ असा या शब्दाचा क्रम आहे. ‘विद्युत्’पासून ‘विज्जु’ व ‘वीज’ ही रूपे याच रीतीने झाली. पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘होदिए’पासून, म्हणजे ‘या दिवशी’ या अर्थाच्या शब्दापासून आला. ‘अद्य’मधील ‘द्य’ आणि ‘होदिए’मधील ‘दिए’ यांचे मूळ मात्र एकच असून ‘दिवस’ हा शब्दही त्याच कुळातील आहे. दोन्हीकडे ‘ज’सारखा ध्वनी स्वतंत्रपणे आला. म्हणजे येथे दूरचे नाते आहे, उसनवारी नाही.

आता इंग्रजी ‘टुडे’ पाहू. यातील ‘डे’ आणि ‘दिवस’ सारखे वाटतात, अर्थही एकच. परंतु ग्रिमच्या नियमानुसार मूळच्या ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो : ‘द्वि’ व ‘टू’, ‘दश’ व ‘टेन’. म्हणून ‘डे’ हा ‘दिवस’चा सगोत्र नव्हे. अनेक अभ्यासक त्याचा संबंध ‘जळणे’ या अर्थाच्या ‘दह्’ धातूशी जोडतात. ‘दह्’मधील ‘द’ मुळात ‘ध’ होता. ‘धक्ष्यति’ या भविष्यकाळी रूपात तो टिकला आहे. मूळच्या ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘ड’ येणे नियमाला धरूनच आहे.

सारांश, शब्दांचे नाते दिसण्यावरून नव्हे, तर नियमित ध्वनिपरिवर्तनावरून ठरते. आपल्या गावच्या बोलीतील शब्दांची व्युत्पत्ती सांगतानाही हीच कसोटी लावावी.

स्वाध्याय : ‘सप्त’पासून ‘सात’ आणि ‘हस्त’पासून ‘हात’ ही रूपे कशी सिद्ध झाली, ते प्राकृत रूपे देऊन लिहा. त्यांतील कोणता बदल ‘अज्ज’पासून ‘आज’ होताना दिसतो?